न भांडणारा गवा

एका जंगलात एक मोठा वड होता. होता म्हणजे अजूनही आहे, पण तिकडे हल्ली कोणी जात नाही.

बसा मुलांनो, नीट मांडी घालून बसा. मोबाईल खाली ठेवा. उलटा. स्क्रीन जमिनीकडे. तुमची वयं काय आहेत ते मला माहीत आहे, आणि मागे बसलेल्या दोघांना नातवंडं आहेत हेही माहीत आहे. गोष्ट सुरू झाली की सगळी मुलंच.

तर वड. हा वड हत्तीचा होता. हत्तीने तो लावला नव्हता. तो एक दिवस येऊन वडाला टेकून उभा राहिला आणि बाकीच्यांनी काय ते समजून घेतलं. सगळं जंगल या वडाखाली गप्पा मारायचं. कोणाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जाईल आणि कोणाचं घशातच राहील, ते हत्ती ठरवायचा. त्याला केळी नेऊन दिली की आवाज वाढायचा.

शेवटी प्राणी वैतागले. "आपले पार आपण बांधू," असं ते म्हणाले आणि नवल म्हणजे त्यांनी खरोखरच बांधले.

जांभळाचा पार वेगळा, बेहड्याचा वेगळा, उंबराचा वेगळा. ज्याला जिथे बसावंसं वाटेल तिथे त्याने बसावं. बसावं हे आपलं म्हणायचं, कारण प्रत्यक्ष कोणाला जावं लागत नसे. आपल्या घराजवळच्या ढोलीत तोंड घालून बोलायचं. खारी ते बोलणं फांद्याफांद्यांवरून पाराच्या झाडावर नेत, आणि तिथून सगळ्यांच्या घरोघर पोचवत. एका पाराचं बोलणं दुसऱ्या पारालाही जाई, कारण झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. एखाद्या पाराचं वागणं फारच डोक्यात गेलं, तर त्यांच्याकडची फांदी तोडून टाकायची. मालक कोणी नाही.

मालक कोणी नाही म्हणून सगळे खूश होते. झाडलोट कोण करणार, एवढं विचारायचं तेवढं राहून गेलं.

उंबराच्या पाराची झाडलोट द्वारकाकाकूंच्या गळ्यात पडली. द्वारकाकाकू म्हणजे खवले मांजर. तुम्ही पाहिलं नसेल. अंगभर खवले, लांब जीभ, मुंग्या खाऊन राहायचं, आणि कोणी अंगावर आलं की शरीराचा चेंडू करून पडून राहायचं. पाराची कारभारीण व्हायला याहून योग्य प्राणी सापडणार नाही. पगार नव्हता. मानही नव्हता. नवा कोणी आला की त्याला आत घ्यायचं, कोणी फार घाण बोललं की त्याला बाहेर काढायचं आणि फांद्या सांभाळायच्या, एवढं काकूंनी करायचं. बाकीच्यांनी काकूंच्या कामात चुका काढायच्या. अशी कामाची वाटणी होती.

उंबराच्या पारावर रोज सकाळी पहिलं बोलणं ओढ्यापलीकडून यायचं.

"सुप्रभात. आपला दिवस आनंदात जावो."

सोबत खारीच्या तोंडात पळसाचं एक फूल. पळस फुललेला नसला की पान.

हे रंगराव गव्याचं. रंगराव म्हातारे होते. एके काळी मोठा कळप त्यांच्या मागून चालायचा. पण गव्यांमध्ये रीतच अशी आहे की नर म्हातारा झाला की तो कळपातून बाजूला होतो, किंवा त्याला बाजूला केलं जातं. दोन्हींत फारसा फरक नसतो. द्वारकाकाकूंच्या यजमानांशी त्यांची जुनी दोस्ती. यजमान गेले, तरी काकू त्यांना भाऊजी म्हणत राहिल्या आणि ते काकूंना वहिनी.

सुप्रभातला कोणी उत्तर देत नसे. खारीसुद्धा ते नीट ऐकून न घेता निघत, पाठच झालं होतं. काकू फूल घेत, झाडताना पाराच्या कोपऱ्यात ठेवत आणि कामाला लागत. कामं पुष्कळ असायची.

मग पारावर पेंढू आले.

पहिल्यांदा एक ससा आला. बोलायला फार गोड. दोन दिवसांनी म्हणाला की करंजतेलाने माझे केस दाट झाले. सशाचे केस आधीच दाट असतात, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग एक हरीण आलं, त्याचेही केस करंजतेलानेच दाट झालेले. मग एक बेडूक आला आणि तोही केसांबद्दल बोलू लागला. तेव्हा काकूंच्या मनात पाल चुकचुकली.

पेंढू म्हणजे आत पेंढा, वर कातडं आणि पोटात एक कळ. कळ पिळून कोणीतरी त्याला एखाद्या ढोलीजवळ ठेवून जायचं आणि तो बोलत राहायचा. शहरात यांना बॉट म्हणतात. कोण ठेवून जायचं ते अजून कळलेलं नाही. करंजतेलवाल्याला विचारलं की तो म्हणायचा, मला काय माहीत बुवा.

तुम्ही म्हणाल, यात एवढं बिघडलं काय. तेल तर तेल. काकूही पहिल्यांदा तसंच म्हणाल्या. पण एकदा ओढ्याला पाणी चढलं होतं आणि दहा जणांनी पारावर सांगितलं की पाणी उतरलंय, खुशाल जा. दहाही पेंढू. एक ससा खुशाल गेला. खरा ससा. करवंदाच्या जाळीत अडकला म्हणून वाचला, नाहीतर ही गोष्ट इथेच संपवून तुम्हाला झोपायला पाठवलं असतं.

मग सगळ्या पारांवर एकच विषय. पेंढू ओळखायचे कसे?

जांभळाच्या पाराने सोपा उपाय केला. त्यांनी सगळ्याच फांद्या तोडल्या. आता तिथे दोन वटवाघळं असतात आणि त्यांचंही एकमेकांशी पटत नाही.

बेहड्याच्या पाराने फर्मान काढलं की प्रत्येक पेंढूने आपण पेंढू आहोत हे स्वतःहून सांगावं. तिथे हवामान सांगणारा एक पेंढू होता. बापडा रोज सांगायचा, आज ढग आहेत, आज ढग नाहीत. त्याने लगेच सांगितलं. त्याला त्याच दिवशी हाकलून दिलं. बाकीचे गप्प बसले, ते अजून तिथेच आहेत.

उंबराच्या पाराने समिती नेमली. समितीत मुख्य होते केशवराव मुंगूस. केशवरावांना नियमांची फार आवड. साप समोर आला तरी आधी तो योग्य बाजूने आला की नाही ते पाहणार.

"परीक्षा घेऊ," केशवराव म्हणाले. "खऱ्याला खरं ठरायची भीती नसते."

पहिली परीक्षा सोपी होती. नव्याने येणाऱ्याला विचारायचं, जेवलात का? पेंढू जेवत नाही, तेव्हा तो गडबडणार, असा हिशेब. पेंढू म्हणाले, "हे काय, आत्ताच झालं. तुमचं?" खरे प्राणी म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय?"

दुसरी परीक्षा कठीण होती. खारीबरोबर नऊ पानं पाठवायची आणि ज्यांवर अळी आहे तेवढीच परत मागायची. पेंढूंनी अळीची पानं बिनचूक परत केली. हरणाने नऊच्या नऊ पानं खाल्ली. हरणाला आत घेतलं, कारण असं खरं हरीणच करतं. पण मग पेंढूही पानं ठेवून घेऊ लागले आणि पारावरचा पाला उगाच संपत चालला.

परत बैठक बसली. बैठकीत विषय पेंढूंचा होता, पण साळिंदर मध्येच म्हणालं की उंबर हे फळ आहे, आणि माकड म्हणालं की ते फूल आहे, नीट फोडून बघ. मग काय. साळिंदराने माकडाचा बाप काढला, माकडाने साळिंदराच्या शिक्षणाची चौकशी केली. दुपार झाली तरी थांबेनात. काकूंनी नेहमीसारखा अंगाचा चेंडू केला आणि आतूनच त्या कंटाळून म्हणाल्या,

"हे दोघे तरी नक्की खरे आहेत बाई. पेंढा भरलेला प्राणी असा भांडत नाही."

केशवरावांचे कान उभे राहिले.

"काकू, पुन्हा म्हणा."

"काय?"

"हेच. जो भांडतो तो खरा."

"अहो, मी आपलं वैतागून म्हटलं."

पण केशवरावांच्या तावडीत सापडलेलं वाक्य कधी सुटलेलं नाही. संध्याकाळपर्यंत नियम झाला. पाराच्या प्रत्येक रहिवाशाने पंधरवड्यातून एकदा तरी पारावर भांडलं पाहिजे. जो भांडणार नाही तो पेंढू समजण्यात येईल आणि खारी त्याचं बोलणं उचलणार नाहीत. कारभारीण म्हणून खाली पंजा उमटवला द्वारकाकाकूंनी. त्यांना त्या दिवशी फक्त घरी जायचं होतं.

नियम सुरुवातीला छान चालला. उंबराच्या पारावर न भांडता पंधरवडा काढणं एरवीही कोणाला जमलं नसतं. रोज नवं काहीतरी निघायचं. वारूळ कोणत्या दिशेला असावं. मोराने ओरडावं की नाही. जुन्या वडाखाली सगळं कसं चांगलं होतं, हे म्हणणारा तर हमखास तीन-चार दिवस पुरायचा. पेंढू मात्र "सगळ्यांचंच बरोबर आहे, करंजतेल वापरून पाहा" म्हणायचे आणि हाकलले जायचे.

थोडे दिवस गेले. मग पेंढू भांडायला शिकले.

आणि शिकले म्हणजे कसे. खरे प्राणी भांडताना दमतात, त्यांना भूक लागते, मध्येच पोरगं रडतं. पेंढूला यातलं काही नाही. त्यातल्या त्यात सुलभाताई टिटवीचं नाव घ्यायला हवं. त्या नव्यानेच आल्या होत्या. कोणी काही म्हणालं की सुलभाताई म्हणत, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." एवढ्या एका वाक्यावर समोरचा दोन दिवस जळत राही. केशवरावांना सुलभाताईंचा फार आदर वाटू लागला. "याला म्हणतात जिवंतपणा," ते म्हणाले, आणि त्यांनी सुलभाताईंना समितीवर घेतलं. त्यांच्या ओळखीची आणखी दोघं-तिघंही मग समितीवर आली.

या सगळ्यात रोज सकाळी ओढ्यापलीकडून बोलणं येतच होतं. "सुप्रभात. आपला दिवस आनंदात जावो."

एके दिवशी सुलभाताईंनी विषय काढला.

"हे सुप्रभातवाले कोण आहेत? रोज तेच वाक्य. रोज त्याच वेळेला. कोणाशी भांडण नाही, कोणाच्या बोलण्याला उत्तर नाही. मला तर हा उघड उघड पेंढू वाटतो."

काकू घाईघाईने म्हणाल्या, "नाही हो, ते रंगरावभाऊजी आहेत. खरे आहेत. आमच्या ह्यांचे दोस्त."

"शेवटचं कधी पाहिलंत त्यांना?" केशवरावांनी विचारलं.

काकू आठवू लागल्या. मधला ओढा म्हणजे एवढासा. पलीकडचा पळस इथून दिसतो. तरी आठवेना. यजमान गेले त्या वेळी आले होते, त्यानंतर नाही. नंतर पार सुरू झाला आणि रोजचं बोलणंच तर होत होतं. म्हणजे त्यांचं बोलणं येत होतं.

"पंधरवडा उद्या संपतो," केशवराव म्हणाले. "उद्या मतदान घेऊ. काकू, नियम तुमचाच आहे. मी फक्त राबवतो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच काकू निघाल्या. भाऊजींना एकदा तरी भांडायला लावायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. नाहीतर त्यांचं सुप्रभात बंद होणार. आणि म्हाताऱ्याचं आता तेवढंच तर होतं.

वाटेत आंब्याचं एक वठलेलं झाड लागलं. त्याच्या ढोलीपाशी बडबड ऐकू आली म्हणून काकू थांबल्या. आवाज ओळखीचा वाटला. वर पाहिलं तर एका फांदीवर एक टिटवी. टिटवी झाडावर बसत नाही, हे काकूंना ठाऊक होतं. टिटवीच्या पोटाची शिवण उसवली होती आणि पेंढा बाहेर लोंबत होता. ती ढोलीकडे चोच करून म्हणत होती, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

तिच्या शेजारी, अगदी पंखाला पंख लागेल इतका जवळ, पेंढ्याचाच एक तितर. तो त्याच ढोलीत म्हणत होता, "अपेक्षांचं ओझं तुमचं तुम्ही वाहा, सुलभाताई."

एक खार ही दोन्ही वाक्यं घेऊन उंबराकडे पळाली. तिथे त्यावर खरे प्राणी कडाडून भांडत असणार. काकू बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. आपण पहाटे उठून यांचं भांडण सोडवत होतो, हे आठवून त्यांना आधी राग आला, मग लाज वाटली. मग त्या ओढा ओलांडून गेल्या.

रंगराव पळसाखाली उभे होते. काकूंना पाहून त्यांनी मान हलवली.

"वहिनी, या या. सुप्रभात."

"भाऊजी, ते राहू द्या आता. तुम्हाला भांडायचं आहे."

"कोणाशी?"

"कोणाशीही. केशवरावांशी भांडा."

"त्यांनी काय केलंय?"

"काही करावं लागत नाही. पारावर तसंच असतं."

काकूंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. पेंढू, नियम, पंधरवडा, आजचं मतदान. नियम कोणाच्या वाक्यावरून झाला हे तेवढं सांगितलं नाही. रंगरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते म्हणाले, "वहिनी म्हणतात तर प्रयत्न करतो." आणि सकाळची खार तोवर निघून गेली होती, म्हणून आधी सराव करायला त्यांनी पळसाच्या ढोलीत तोंड घातलं.

"केशवराव, तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही. म्हणजे, तुम्ही विचार करूनच म्हणाला असाल."

"भाऊजी, दुसरं वाक्य नको."

"बरं. केशवराव, तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही." ते थांबले. मग काकूंकडे वळून हळूच म्हणाले, "त्यांचं म्हणणं काय आहे?"

"ते कोणालाच माहीत नसतं. तुम्ही म्हणा, केशवराव, तुम्हाला अक्कल नाही."

रंगरावांनी खोल श्वास घेतला. छाती भरून आली, शिंगं खाली झाली. ओढ्याकाठचे बगळे उडाले. त्यांनी ढोलीत तोंड घातलं आणि म्हणाले,

"केशवराव, सुप्रभात."

काकूंचा धीर सुटला. "अहो, दगड आहात का तुम्ही? जरा म्हणून राग येत नाही? मी इथवर तंगडतोड करत आले, माझी कामं पडलीत, आणि तुम्हाला एक वाक्य बोलता येत नाही?"

रंगराव वळले.

"राग येतो की," ते म्हणाले. "राग येत नाही असं नाही, वहिनी. हा पाय बघा."

काकूंनी तेव्हा पाहिलं. मागचा डावा पाय सुजलेला होता. ते पळसाला टेकूनच उभे होते.

"पावसाळ्यात खडकावरून घसरलो. पाण्यापर्यंत उतरून परत चढायला मला दुपार होते. तुम्ही आलात, बरं वाटलं. मला वाटलं, विचारायला आलात. तर तुम्ही मला भांडायला शिकवायला आलात. मी रोज सकाळी ढोलीत तोंड घालतो, ते काय मला सुप्रभातची हौस आहे म्हणून? कळपात असताना पहाटे मी एकदा हुंकार द्यायचो. म्हणजे सगळ्यांना कळायचं की म्हातारा इथे आहे, ठीक आहे, चरायला लागा. आता कळप नाही. तर तुम्हाला सांगतो. मी आहे, एवढंच सांगतो. उत्तर मागत नाही मी. पण वहिनी, इतक्या दिवसांत तुम्हाला एकदासुद्धा म्हणावंसं वाटलं नाही, की भाऊजी, तुम्ही कसे आहात? समोरच राहतो ना मी. मधे एवढासा ओढा. फुलांचं काय करता तुम्ही? कोपऱ्यात टाकत असाल."

हे सगळं इतक्या मोठ्या आवाजात आलं की काकूंचा सवयीने चेंडू झाला.

चेंडू उतारावर होता. तो हळूहळू ओढ्याकडे घरंगळू लागला. रंगरावांनी लंगडत पुढे जाऊन तो शिंगाने अडवला आणि तसेच उभे राहिले. शिंग काढलं असतं तर वहिनी पाण्यात गेल्या असत्या, म्हणून त्यांना हलता येईना. भांडण झाल्यावर निघून जायची सोय असावी लागते. इथे ती नव्हती.

बऱ्याच वेळाने चेंडूतून आवाज आला.

"कोपऱ्यातच टाकते."

"माहीत आहे," रंगराव म्हणाले.

"तो नियम माझ्यामुळेच झाला."

"ते माहीत नव्हतं."

"चुकलं माझं, भाऊजी." काकू उलगडल्या. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी आधी पाय पाहिला, मग आसपास फिरून निर्गुडीचा पाला आणला, दगडावर ठेचला आणि सुजेवर बांधला. बांधता बांधता त्यांच्या एकदम लक्षात आलं.

"भाऊजी, तुम्ही भांडलात."

"हो, जरा जास्तच."

"किती सुरेख भांडलात. आता हेच ढोलीत म्हणा. एवढंच, शब्दन् शब्द. केशवराव काय, सगळा पार गप्प होईल."

रंगरावांनी मान हलवली. "नाही, वहिनी."

"का नाही?"

"ते तुमच्याशी होतं. पाराशी माझं काही भांडण नाही."

काकूंनी पुष्कळ विनवण्या केल्या. पण मवाळ प्राणी एकदा नाही म्हणाला की त्याला हलवणं अवघड.

दुपारी मतदान होतं. आजपर्यंत काकूंनी सगळ्या बैठका ढोलीतूनच ऐकल्या होत्या. या वेळी त्या स्वतः उंबराखाली येऊन उभ्या राहिल्या. पार रिकामा होता. वर खारींची धावपळ आणि खाली पडलेली उंबरं.

"रंगराव खरे आहेत," काकू म्हणाल्या. "मी त्यांना भेटून आले. ते भांडले. मी समोर होते."

केशवरावांचं उत्तर त्यांच्या बिळातून खारीबरोबर आलं. "पारावर भांडले का?"

"नाही. त्यांच्या घरी."

"खार होती का तिथे?"

"नव्हती. आम्ही दोघंच होतो."

"मग ते धरता येणार नाही. घरी कोण काय करतं ते आम्हाला कसं कळणार?"

"आणि सुलभाताई पेंढू आहेत. वठलेल्या आंब्यावर बसवलंय त्यांना. शिवण उसवलीय. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. केशवराव, तुम्ही स्वतः जाऊन बघा ना, दहा उड्यांवर तर आहे."

खार हे घेऊन गेली. मग सुलभाताईंचं बोलणं आलं. "काकू, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"बघा," केशवराव म्हणाले. "किती दुखावल्या त्या. पेंढू असा दुखावतो का? आणि त्या पेंढू आहेत असं क्षणभर धरलं, तरी त्या नियमात बसतात. रंगराव नियमात बसत नाहीत. मी नियम बघतो, शिवण बघत नाही."

मतदान झालं. समितीने एकमताने रंगरावांना पेंढू ठरवलं. सुलभाताईंचा हात सगळ्यांत आधी वर गेला असं खार म्हणाली. टिटवीला हात नसतो, पण तेव्हा ते कोणी काढलं नाही.

"कारभारीण म्हणून काकूंनी खारींना तसं सांगावं," केशवराव म्हणाले.

सगळ्यांना वाटलं, आता चेंडू होणार. काकूंनाही तसंच वाटलं. पण झाला नाही. त्यांनी पारावरचा झाडू उचलून खोडाला टेकवून ठेवला.

"तुमचं तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "आणि उद्यापासून झाडायलाही तुम्हीच या."

कोपऱ्यात पळसाची वाळलेली फुलं साठली होती. त्यांनी ती सगळी गोळा केली आणि त्या ओढ्याकडे चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबराच्या पारावर सुप्रभात आलं नाही. खारींना चुकल्याचुकल्यासारखं झालं. पण जागा रिकामी दिसली की पेंढूंना लगेच कळतं. थोड्याच वेळात चार पेंढू एकदम म्हणाले, "सुप्रभात. आपला दिवस आनंदात जावो. करंजतेल वापरा." मग आपल्यातलं सुप्रभात आधी कोणाचं होतं यावर ते चौघे भांडले, त्यामुळे त्यांना कोणी काढू शकलं नाही.

पंधरवडा संपला तेव्हा द्वारकाकाकूंचंही नाव निघालं. त्या पारावर भांडल्या नव्हत्या. त्यांनाही पेंढू ठरवण्यात आलं.

हळूहळू साळिंदर गेलं. माकड गेलं. पेंढूंशी भांडून भांडून ते दमले, आणि दमले म्हणून पंधरवडा चुकला. त्यांनाही पेंढू ठरवलं. आता उंबराच्या पारावर केशवराव एकटे खरे आहेत. त्यांना ते माहीत नाही. सकाळी त्यांनी तोंड उघडलं की पन्नास जण म्हणतात, तुमचं साफ चूक आहे. केशवराव इतके आनंदात कधीच नव्हते. मागच्या वर्षी सगळ्या पारांनी मिळून उंबराच्या पाराला सर्वांत जिवंत पार म्हणून मान दिला. सत्काराला कोणी आलं नाही, पण अभिनंदनं खूप आली.

आणि ओढ्यापलीकडे पळसाखाली रोज सकाळी एक गवा म्हणतो, "सुप्रभात, वहिनी."

"कसलं सुप्रभात," खवले मांजर म्हणतं. "काल पुन्हा खडकावर गेला होतात ना? पाय दाखवा आधी."

मग दोघांचं वाजतं ते ऊन डोक्यावर येईपर्यंत. कोणतीही खार ते उचलत नाही.

तात्पर्य: मुलांनो, खरे म्हणून जगायचं असेल तर चारचौघांत भांडत राहा. कोणाची काळजी वाटलीच तर त्याच्या घरी जाऊ नका. तिथे पाहायला कोणी नसतं, आणि कोणी पाहिलेलं नसलं की ते धरत नाहीत. मोबाईल आता सुलटा करायला हरकत नाही. रोज सुप्रभात पाठवणाऱ्याने आजही पाठवलं असेल. त्याला उत्तर देऊ नका. एखाद्या वेळी खरा माणूस निघायचा.